वय दोनशे तीन

राजारामपुरीतल्या दवाखान्याची, पीएचपी या संगणकभाषेतली वेबसाइट संध्याकाळी पाचला सुरू होणार होती. ती सुरक्षित असल्याची सही इरावती देणार होती. तिच्या नजरेतून कोडमधली फट सुटत नसे.

सकाळी वरच्या मजल्यावर, नेट बंद करून, तिने लॅपटॉपवरच्या वेबसाइटच्या प्रतीत नेहमीसारखा खोटा पेशंट भरला : अंबूबाई, वय दोनशे तीन. फॉर्मने तो निमूट घेतला. तिने कोड दुरुस्त केला, नोंद पुसली आणि नवा फॉर्म खाली काउंटरवरच्या संगणकावर चढवला.

पावणेपाचला काउंटरवरून वर्षाराणीचा फोन आला.

“ताई, एक अंबूबाई आल्यात. वय दोनशे तीन सांगत्यात.”

“फॉर्म ते वय घेणार नाही,” इरावती ठामपणे म्हणाली.

“न्हाईच घेतला की. म्हणत्यात, सकाळी माझं नाव हुतं, पुसलं कुणी? जिन्यानं वर तुमच्याकडंच निघाल्यात.”