पहिली कापणी

दिल्लीच्या गाड्या जयपूरजवळच्या चौमूंच्या फाट्यावरून आत वळल्या, तेव्हा नीलकंठ दाणी स्वतःच्या रुमालाने फलकावरची धूळ पुसत होते. 'चारा विकास कार्यक्रम'. फलकामागे तारेच्या कुंपणात पाणी देऊन वाढवलेली चाऱ्याची ज्वारी उभी होती, माणसाच्या डोक्याच्याही वर. कुंपणाबाहेर, २००२ सालच्या त्या कोरड्या भाद्रपदात, हिरवं असं काहीच नव्हतं.

"साहेब, कापायची वेळ टळून महिना झाला," गिरिजा म्हणाली. प्लॉट तिचा होता. ती शास्त्रज्ञ, दाणी तिचे वरिष्ठ. दोघंही अकोल्याकडचे, म्हणून जयपूरच्या ऑफिसातसुद्धा आपसात मराठीच बोलायचे. "वेळेवर कापली असती तर एव्हाना पुन्हा फुटून आली असती. आता नुसता बांबू झालाय."

"ती दिल्लीची माणसं दोनदा येता येता राहिली, त्याला मी काय करू? कापलेलं शेत दाखवू त्यांना?"

"गावातल्या बायकांना पहिली कापणी मी कबूल केली होती."

"आजचा दिवस जाऊ दे गं. मग नेऊ देत."

कुंपणाच्या दाराशी गावातली यमुना गायीची दोरी धरून उभी होती. गाय कसली, बरगड्या आणि त्यांवर ताणलेलं कातडं. तिची दुसरी गाय परवा बसली, ती उठलीच नाही. दाणींनी शिपायाला खूण केली, "इसको उधर ले जाओ, टीले के पीछे." बाकीच्या बायका केव्हाच तिकडे हाकलल्या होत्या. यमुना हलली नाही.

दिल्लीचे साहेब उतरले. पीक बघून खूश झाले. एका धांड्यावर हात फिरवत त्यांनी विचारलं, "जानवर शौक से खाते हैं?"

"बहुत शौक से, सर," दाणी म्हणाले.

"अभी तक किसी जानवर को दिया ही नहीं, सर," गिरिजा म्हणाली.

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा. "अगले हफ्ते मंत्रालय से और लोग आएँगे. इसे ऐसे ही खड़ा रखिए."

"जी सर."

गिरिजा सरळ दाराशी गेली, कडी काढली आणि दार सताड उघडलं.

"यमुना, काट लो. सबको बुला लो."

दाणी धावत आले. "वेड लागलंय का तुला? सरकारी प्लॉट आहे हा!"

"मग सरकारने खावा."

यमुना आत शिरली होती. विळ्याने तिने कवळाभर ज्वारी कापली आणि गायीपुढे टाकली. गाय पाल्यावर तुटून पडली. पाला संपल्यावर तिने धांडा तोंडात घेतला, या दाढेखालून त्या दाढेखाली फिरवला. लाळ गळली. धांडा खाली पडला. तिने तो पुन्हा उचलला. पुन्हा पडला.

कॅमेऱ्याचा आवाज आला. टीमबरोबरचा फोटोग्राफर गुडघ्यांवर बसला होता. दाणींनी ते पाहिलं आणि क्षणात त्यांचा चेहरा बदलला. शर्ट नीट करून ते यमुनाच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"सर, ये हमारी लाभार्थी हैं."

"थोड़ा हँसो, माताजी," फोटोग्राफर म्हणाला.

गिरिजाने गायीच्या तोंडातून पडलेला तो लाळेने माखलेला धांडा उचलला आणि दाणींच्या नाकासमोर धरला.

"चावून बघा."

"गिरिजा, लोक बघताहेत."

"बघू देत. महिनाभर घसा कोरडा करून सांगत होते ना मी? चावा!"

साहेब दोन पावलं पुढे आले. "मैडम क्या कह रही हैं?"

दाणींनी ओठांवरून जीभ फिरवली. "कह रही हैं सर, चारा बहुत मीठा है."

गिरिजा वळली. धांडा तिने साहेबांच्या तोंडापुढे नेला.

"तो चखिए."

मागे टेकाडावरून बायका विळे घेऊन उतरत होत्या. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला आणि अदबीने विचारलं,

"ये भी लूँ, सर?"