दाराजवळची जागा

बाळंतपणात खाली फाटलं, तेव्हापासून अनिपाला शी आवरत नसे. म्हणून नारीन गावातल्या प्रत्येक जेवणावळीत गेली सव्वीस वर्षं ती दाराजवळ बसायची, पटकन बाहेर पळता यावं म्हणून. लोक म्हणायचे, "सून असावी तर अशी! कधी वर, मानाच्या जागी बसली नाही."

यंदा दवाखान्यात नवीन डॉक्टरबाई आली. तिने चाकूही लावला नाही. यंत्राच्या पडद्यावर रेघ दाखवत स्नायू आवळायला नि सोडायला शिकवलं. चार महिन्यांत अनिपा बरी झाली आणि संतापाने पेटली. एवढ्याशा व्यायामासाठी सव्वीस वर्षं!

नातवाच्या पाळण्याच्या जेवणाला ती तरातरा आत गेली आणि थेट मानाच्या जागी ठाण मांडून बसली.

"निर्लज्ज! खाली ये आधी!" दाराजवळून सासू कडाडली. "सुनेची जागा दाराशीच. मी तरी कधी वर बसले का?"

अनिपा बघतच राहिली. म्हातारी ऐंशीची, घरात सगळ्यांत मोठी. ती मानाची जागा खरं तर तिचीच.

"आई," अनिपा दातओठ खात म्हणाली, "तुम्ही किती वर्षं बाहेर पळताय? आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"