नुसती काठी

हॅलिफॅक्सच्या मेळ्यातल्या मिरवणुकीसाठी सगळ्या देशांचे झेंडे कुमुदताईंनी घरी शिवले होते. बेलारूसच्या लाल-हिरव्या झेंड्याच्या कडेची नक्षी तर त्यांनी पैठणीच्या काठासारखी आठवडाभर भरली होती. तो झेंडा हातात येताच बेलारूसहून आलेल्या म्हाताऱ्या मिकोलांचा चेहरा पडला. "मॅडम, हा सोव्हिएत काळातला, फक्त विळा-हातोडा काढलाय. स्वतंत्र झाल्यावर आम्ही पांढरा-लाल-पांढरा घेतला होता. चार वर्षांत सरकारने हाच परत आणला. तो पांढरा फडकवला म्हणून माझा मुलगा तुरुंगात आहे." ताई गडबडल्या, "अहो, इंटरनेटवर हाच होता!" "असणारच. देश त्यांच्याच हातात आहे." मिकोलांनी काठीवरून झेंडा सोडवला, नीट घडी करून ताईंच्या मांडीवर ठेवला आणि नुसती काठी उंच धरून ते चालू लागले. ताईंचे यजमान खो-खो हसले, "म्हातारा झेंडाच विसरला की!" ताईंनी ती नक्षी पदराखाली झाकली.