चाचणीचा रस्ता

"म्हणजे दोन्ही तुकडे सारखेच निघाले," मुख्य अभियंता म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

संशोधिकेने मोजणीची वही मिटली. जुना रस्ता खरवडून तोच माल पुन्हा वापरला, तर रस्ता दुप्पट टिकतो, असं ती तीन वर्षं कंठशोष करून सांगत होती. त्यासाठी इथे शेजारीशेजारी दोन तुकडे टाकले होते. एक नेहमीच्या डांबराचा, एक तिच्या मिश्रणाचा. कुणी पक्षपात करू नये म्हणून पाटी लावली नव्हती. कुठला कोणता, हे तिने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. आज मोजणी झाली. भेगा दोन्हीकडे जवळजवळ नाहीतच. नेहमीचाच माल इतका टिकत असेल, तर हिच्या खटाटोपाला कोण विचारतो? अहवालावर सही झाली की तिच्या प्रयोगशाळेला कुलूप.

तिचे बाबा कडेला उभे होते. उभा जन्म रस्त्याच्या कामावर मुकादमी केलेला माणूस. लेकीचा निकाल ऐकायला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात सांगून टाकलं. पहिल्याच वर्षी भेगा दिसल्या, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून पहाटे फिरायला म्हणून ते डब्यात डांबर घेऊन निघायचे, भेगा भरायचे आणि वर खडीची भुकटी चोळायचे. मुकादमाचा हात तो, कुणाला कळणार?

जो रस्ता खराब होईल तो होऊ द्यायचा, हीच तर चाचणी होती. तीन वर्षांच्या नोंदी मातीमोल, आणि लबाडी तिच्याच घरची. गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. तिने मुख्य अभियंत्यांना तिथल्या तिथे सगळं सांगितलं. पेन थांबलं. बाबांनी मान खाली घातली.

"कुठल्या भेगा भरल्यात, बाबा? दाखवा."

ते गुडघे धरत खाली बसले आणि काळ्याकुळकुळीत तुकड्यावरून हात फिरवत म्हणाले, "ह्या. तुझा नवा माल काळाच दिसणार की. तो पलीकडचा राखाडी, जुनाट... त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही."

संशोधिका त्यांच्या शेजारी मटकन खाली बसली. तो राखाडी तुकडा तिचा होता.