बोलताना दाखवा

वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती लॅथ्रॉप बायकोच्या पॅनकेकवर पाक ओतत होते. बाईंची स्मृती हल्ली पुसट झाली होती. “तुम्ही कोण?” “अगं, नवरा तुझा. न्यायाधीश होतो मी.” “थापा! दाखवा बघू.” त्यांनी फोटो दाखवला. “काळा झगा घालून कुणीही बसेल. बोलताना दाखवा.” तसं चित्रीकरण नव्हतंच. “कोर्टात कॅमेरे आले की आपण नट होऊ,” असं म्हणत त्यांनीच ते अडवलं होतं. मग कोर्टातलं स्वतःच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण लावलं. “हा कोण खेकसतोय? बंद करा!” शेवटी त्यांनी सुनावणीत चित्रकाराने रंगखडूने काढलेलं चित्र आणलं. बाईंचा चेहरा उजळला. “हे बघा माझे यजमान! काय रुबाब!” बोट शेजारच्या खुर्चीतल्या सहकारी न्यायमूर्ती केंड्रिकवर होतं. कॅमेऱ्यांसाठी एकटाच भांडायचा बिचारा. “यांचं कधी काही चुकायचं नाही हो!” चष्मा पुसत न्यायमूर्ती लॅथ्रॉप म्हणाले, “सहमत.”