डाव्या स्पीकरजवळचा फुलाफुलांचा शर्ट

“तुझ्या वेळी मी दवाखान्यात कळा सोसत होते आणि हे मैदानात नाचत होते,” आई म्हणाली. लेकीच्या दर वाढदिवसाला केकच्या आधी हेच ताटात पडायचं. यंदा तर आठवडाभर आधीच सुरुवात झाली होती.

“अगं, त्या बँडचा शेवटचा कार्यक्रम होता तो,” बाबा म्हणाले. “दुसऱ्या दिवशी चौघांची तोंडं चार दिशांना. लेक काय, नंतरही दिसणारच होती.”

मग नेहमीचं पुराण लागलं. बाबा डाव्या स्पीकरच्या मनोऱ्यापाशी उभे होते. अंगात आईने जुन्या पडद्याचा शिवलेला फुलाफुलांचा शर्ट. तिसऱ्या गाण्याला वीज गेली, तर उरलेलं गाणं लोकांनीच अंधारात म्हटलं.

“तिसरं नाही, शेवटून दुसरं,” आईने मध्येच दुरुस्ती केली. ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं.

“तेच ते. आणि त्या दिवसापासून हा खांदा दुखतोय तो दुखतोच. गर्दीत चेंगरला.”

आई ओठ दाबून हसली.

लेकीला हसू आलं नाही. तिला सातवा महिना लागला होता, रक्तदाब चढत होता आणि डॉक्टरीणबाई दर वेळी एकच विचारत होत्या, तुमच्या आईच्या बाळंतपणात काही अडचण आली होती का? तिला फार भीती वाटत होती.

“आई, आता तरी नीट सांग. तुझंही बीपी वाढलं होतं का?”

“सगळ्या बायकांचं होतं तसंच माझं झालं,” आई म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

लेक फिल्म संग्रहालयात जुनी रिळं साफ करायची. निघताना ती म्हणाली, “बाबा, तुमच्या त्या कार्यक्रमाची रिळं आलीत आमच्याकडे. तुम्हाला शोधून काढते की नाही बघा.”

एरवी न थांबणारे बाबा वर्तमानपत्राची घडी घालू लागले. “त्या गर्दीत मी कसला सापडतोय,” एवढंच म्हणाले.

“पोटुशी बाई तू, डोळे कशाला शिणवतेस?” आई म्हणाली.

लेक रस्त्यावर पोचली तेव्हा वरून शिट्टी आली. आई गॅलरीत उभी होती, दोन बोटं तोंडात घालून. लेक डबा विसरली होती. गल्लीतल्या सगळ्यांना ती शिट्टी ओळखीची होती.

रिळाच्या सुरुवातीच्या पाटीवर लेकीच्या जन्माची तारीख होती. धूळ पुसत, ओरखडे बुजवत ती एकेक चौकट सरकवत गेली. वीज गेली, लोक गायले, दिवे परत आले. कॅमेरा डावीकडे वळला आणि पडद्याचा शर्ट दिसला.

बाबाच ते. आणि त्यांच्या खांद्यावर एक मुलगी बसली होती. मुठीत मावेल अशी कंबर, हात आभाळात, तोंडावर सगळे केस.

खांद्याचं दुखणं हे होतं तर! लेकीला बाबांचा संताप आला आणि आईची कीव आली. बिचारी तिकडे एकटी कळा सोसत होती. हा तुकडा घरी दाखवायचा की कुणालाच कळू द्यायचा नाही, तिला ठरवता येईना. तिने चौकटी पुढे सरकवल्या.

केस मागे सारून, दोन बोटं तोंडात घालून, आईने शिट्टी मारली.