प्राचीच्या नावाची बाटली

प्राचीने स्वतःचं नाव चिकटवलेली बाटली न्हाणीघरातल्या फळीवर ठेवली आणि ती कपडे बदलायला आत गेली. शेवंतीने घाईने दार लावलं, बाटली ओतून टाकली आणि स्वतःच्या लघवीने भरली. झाकण लावून ती होती तिथेच ठेवून दिली.

प्राचीची आई मधु ही शेवंतीची धाकटी बहीण. अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. पोट फुगायचं तेव्हा सगळे गॅस म्हणत राहिले, कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. पोरीला शेवंतीनेच कळव्याच्या दोन खोल्यांत वाढवलं.

आता ठाण्याच्या एका हॉस्पिटलात अशा बायकांच्या मुलींना बोलावत होते. नुसत्या लघवीतून रोगाची चाहूल लागते का, ते तपासायचं होतं. ना सुई, ना चिरफाड. प्राचीने लगेच नाव दिलं.

"लग्न होऊ दे, मग कर," शेवंती म्हणालेली. डोंबिवलीच्या ऋतुराजशी ठरलेलं होतं. भलतंसलतं निघालं आणि तिकडे कळलं तर?

"मावशी, आईला उशीर झाला ना गं," प्राची एवढंच म्हणाली.

शेवंती धडधाकट होती. आपल्या लघवीने रिपोर्ट चांगला येईल, लग्न पार पडेल, मग पोरीला पुन्हा तपासून घेऊ, असं तिने मनाशी ठरवलं.

पण हॉस्पिटलातून बोलावणं आलं.

"हे पक्कं निदान नाही," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पण लक्षण बरं नाही. सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी लगेच करू."

बाहेरच्या बाकावर प्राची खाली मान घालून बसली. शेवंतीला मात्र छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. मधुचं दुखणं आपल्या वाट्याला आलं, पोरीच्या नाही. आपलं काय, जगून झालं होतं. देवाला मनोमन हात जोडून तिने प्राचीला जवळ ओढलं.

"रडू नको, वेडे. तुला काही झालेलं नाही. ते दुखणं माझं आहे. तुझी बाटली ओतून मी माझी भरलेली."

प्राचीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"माहितीये, मावशी. मी अर्धीच ठेवलेली, बघते तर काठोकाठ भरलेली. मग इथे येऊन नवी बाटली मागितली आणि माझीच दिली."